केशवरावांची मानाची जोडी

नोकरीवर असताना केशवरावांच्या घरी मी चारदा गेले आणि त्यातल्या तीनदा त्यांनी मला ओट्याखाली उभं ठेवलं. अंगावर अँब्युलन्सची वर्दी, गळ्यात ओळखपत्र, हातात रक्तदाबाचं यंत्र, आणि मी उभी कुठं, तर ते चपला काढतात तिथं. वर या असं कुणी म्हटलं नाही आणि मीही पाय वर टाकला नाही. त्या घरी माझ्या बापानं, बाबारावनं, एकवीस वर्षं सालदारकी केली. सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर बांधलेला गडी. त्या ओट्याची उंची आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे.

मी प्रियदर्शनी. आदिलाबादच्या अँब्युलन्सवर टेक्निशियन आहे. पेशंट असेल तिथं पोचायचं आणि दवाखान्यापर्यंत त्याचा जीव टिकवायचा, एवढं माझं काम. गाडी राजन्ना चालवतो. तो तेलुगू माणूस, माझ्याशी हिंदीत बोलतो आणि शिव्या मात्र मराठीत देतो, कारण आमची बहुतेक गावं पैनगंगेच्या अंगाची, मराठी आहेत. सात वर्षं मी हे काम करते आहे. सात वर्षांत माणसांविषयीचं माझं मत काही सुधारलेलं नाही.

पहिल्यांदा गेले ती उन्हाळ्यात. केशवरावांच्या छातीत कळ आली म्हणून फोन होता. बोरखेडीचा रस्ता कसा, तर हायवे सोडला की सहा किलोमीटर डांबर, मग नाला, नाल्यावर गुडघाभर उंचीचा फरशीचा पूल, आणि पुढं किलोमीटरभर काळ्या मातीची वाट. तिथल्या नव्या उंच पुलाचं भूमिपूजन दोनदा झालं आहे. नारळ दोन्ही वेळा केशवरावांनीच फोडला. आम्ही धुरळा खात पोचलो, मी त्यांना गाडीत निजवलं, ऑक्सिजनची नळी लावली, ईसीजीच्या पट्ट्या लावल्या. सगळं ठीक दिसत होतं. आदिलाबादच्या कापूस मार्केटपाशी आलो तसे ते उठून बसले, टोपी नीट केली आणि म्हणाले, कळ थांबली, इथंच उतरव. उतरून ते सरळ गेटातून आत चालते झाले. राजन्नानं मराठीत शिवी दिली. मी वहीत लिहिलं, पेशंटला आराम पडला. त्याच वेळी हायवेवर एक बाई ट्रकखाली आली होती आणि तिच्यासाठी गाडी दुसऱ्या मंडलातून, म्हणजे तालुक्यातून, आली.

दुसऱ्यांदा गेले ती पोळ्याच्या पाच दिवस आधी, त्यांच्या सुनेसाठी. मीनल तिचं नाव. बेल्याकडची, भाजीपाला पिकवणाऱ्या घरची, बारावी शिकलेली. नववा महिना सरत आला होता आणि पोटात दुखत होतं. नवरा संतोष गाडीत सोबत बसला आणि पूर्ण रस्ताभर मोबाईलमध्ये बघत राहिला. दुखणं कळांचं नव्हतं, पण दवाखान्यात सोनोग्राफी केली तेव्हा डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितलं की मूल आडवं आहे, हे घरी होणार नाही, ऑपरेशन करावं लागेल, आणि नाल्यापलीकडचं गाव असेल तर इथंच राहायचं.

मीनलनं मला विचारलं, "ताई, आडवं म्हंजे कसं?"

मी तिला माझा तळहात तिच्या पोटावर आडवा धरून दाखवला. डोकं इकडं, पाय तिकडं, दार खाली. तिला लगेच कळलं. ज्यांना कळायला हवं होतं त्यांना कळलं नाही, कारण तिसऱ्या दिवशी केशवराव आले आणि स्वतःच्या जबाबदारीवर नेतो असं लिहून, सही करून तिला घेऊन गेले. मला नर्सनं फोनवर सांगितलं. कारण काय, तर पोळा. या वर्षी त्यांनी नवी जोडी घेतली होती, चांद्या आणि तांब्या, पांढरीशुभ्र, आणि तोरणाखालून सगळ्यात पुढं जाण्याचा मान त्यांच्या जोडीचा होता. दारात आलेली मानाची जोडी घरच्या सुनेनं ओवाळायची, तीही पोटात वारस घेऊन, म्हणजे घराला बरकत. डॉक्टरबाईंनी म्हणे चारदा समजावलं. पाचव्या वेळी केशवरावांनी सही कुठं करायची तेवढं विचारलं.

तिसऱ्यांदा गेले ती पोळ्याच्या आदल्या दिवशी. त्याच बाजूच्या गावात एक पेशंट बघून परतत होतो. आभाळ भरून आलं होतं आणि नाल्याचं पाणी पुलाला लागलं होतं. मी राजन्नाला म्हटलं, गाडी आत घे. तो म्हणाला, फोन नाही, केस नाही, काय म्हणून घेऊ. पण घेतली.

अंगणात खांदेमळणी चालली होती. बैलांच्या खांद्याला, जिथं वर्षभर जू बसतं तिथं, ऊन पाण्यानं शेकून लोणी-हळद चोळतात, आणि उद्या जेवायला या म्हणून आवतण देतात. चोळत कोण होता? माझा बाप. सालदारकी सुटून पंधरा वर्षं झाली, वय सत्तर, गुडघे गेलेले, पण केशवरावांनी निरोप धाडला की हा निघाला. तुझ्यासारखा हात कुणाचा नाही, एवढं एक वाक्य त्यांनी बाबाला एकवीस वर्षांत आणि पुढच्या पंधरा वर्षांत पुरवलं. बाबाच्या उजव्या खांद्याला खळगा आहे, पोती वाहून पडलेला. त्याला कुणी कधी हळद लावली नाही. पोळ्याला पुरणपोळी आधी बैलाला, मग घरच्यांना, मग गोठ्यात सालदाराला, हे मी लहानपणी डोळ्यांनी पाहिलं आहे. बाबा मला बघून ओशाळला आणि बैलाच्या आड झाला. मला त्याचाही राग आला.

मीनल चुलीपाशी पुरणाची डाळ शिजवत होती. पाय सुजून नडग्या चकाकत होत्या. मी ओट्याखालूनच केशवरावांना सांगितलं की गाडी दारात आहे, नाला चढतो आहे, आत्ता पाठवा. सासूला, चंपाबाईंना, पटत होतं असं वाटलं, कारण त्या हात पुसून सुनेकडं बघायला लागल्या. पण त्या घरात बायकांनी बघायचं तेवढंच असतं.

केशवराव म्हणाले, "उद्या ओवाळणं झालं की परवा आमीच घेऊन येतो. तू काऊन घाई करून राह्यली? तुह्या गाडीले पेशंट भेटत नाई काय?"

ओट्यावरचे दोन-चार जण हसले. संतोषही हसला. स्वतःच्या बायकोच्या बाळंतपणावरच्या विनोदाला हसणारा माणूस मी तो पहिलाच पाहिला. मीनलनं नुसतं माझ्याकडं पाहिलं आणि स्वतःच्या पोटावर तळहात आडवा ठेवला. अजून आडवंच आहे, असं तिला सांगायचं होतं.

पोळ्याच्या दिवशी सकाळपासून पाऊस कोसळत होता. दुपारी दोनला तो थांबला आणि अडीचला फोन आला. संतोष बोलत होता. मीनलचं पाणी गेलं, लवकर या, म्हणाला.

नाल्यावर पूल दिसतच नव्हता. नुसतं लाल पाणी वाहत होतं, कमरेइतकं. अलीकडं राजन्नानं गाडी उभी केली. पलीकडं संतोषचा ट्रॅक्टर आदल्या रात्रीपासून चिखलात आसापर्यंत रुतून बसला होता. मी बॅग प्लॅस्टिकमध्ये बांधून डोक्यावर घेतली आणि राजन्नानं धरलेल्या दोराच्या आधारानं पाणी ओलांडलं. मग किलोमीटरभर चिखल. ती माती एकदा पायाला लागली की सोडत नाही. बूट तिथंच राहिले आणि मी अनवाणी गावात शिरले.

गाव केशवरावांच्या घराजवळच तोरणाखाली जमलं होतं. बैलांच्या शिंगांना रंग, कपाळाला बाशिंग, पाठीवर झुली. पोरं मोबाईल वर धरून उभी होती. कुणी वाट करून देईना, तेव्हा मी बैलांमधूनच गेले. बैल सरकले.

या वेळी मी ओट्यावर चढले. चिखलाच्या पायांनी, सारवलेल्या ओट्यावर. आत मीनल चटईवर पडली होती आणि चंपाबाई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मी लुगडं सारलं. बाळाचा हात बाहेर आला होता. कोपरापर्यंत, निळसर, करंगळीएवढ्या मनगटाचा. मी माझं बोट त्या तळहातात ठेवलं आणि त्यानं मूठ आवळली.

बाळ जिवंत होतं. दवाखाना गाठला तर वाचणार होतं. मी फोनवर डॉक्टरबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, हात ओढू नको, आत ढकलू नको, कंबर उंच ठेव आणि लवकर आण, तासाभरात आण. मी मीनलच्या कमरेखाली उशा घातल्या, सुई टोचून सलाईन लावली आणि माणसं बोलावली.

आधी बाज केली. चौघांनी उचलली. चौघांच्याही तोंडाला दारूचा वास येत होता. पन्नास पावलांवर एकाचा पाय घसरला, बाज कलली आणि मीनल काठाशी आली. मी तिला अंगावर झेलली. हे चौघं तिला घेऊन कमरेइतक्या पाण्यातून जाणार होते. मी बाज मागं फिरवून पुन्हा घरात ठेवायला लावली आणि केशवरावांना म्हटलं, बंडी जुंपा. बंडीची चाकं उंच, वजनाला भारी, पाण्यात ती वाहून जात नाही. चांगली जोडी वीस मिनिटांत नाल्यापार नेईल, हे मला सांगायची गरज नव्हती. त्या चिखलात बैलाशिवाय काही चालत नाही हे सगळं गाव जन्मापासून जाणतं.

कुणी हललं नाही. नव्या धोतरात, डोक्याला गुलाबी फेटा बांधून केशवराव उभे होते आणि त्यांच्या मागं चांद्या-तांब्या, शिंगांना सोनेरी कागद लावलेले.

"आज जू ठेवत नसते बैलावर," ते म्हणाले. "वर्सातून एक दिवस त्याचा असते. आजच्या दिवशी मान मोडला त घर बसते."

मी गावाकडं पाहिलं. तिथं चाळीस जोड्या तरी होत्या. म्हटलं, यांचे नसतील तर दुसऱ्या कुणाचे द्या. मालकांनी आपापल्या बैलांच्या वेसणी हातात घट्ट धरल्या आणि खाली बघायला लागले. एक जण म्हणाला, मानाची जोडी निघाल्याशिवाय दुसरी कशी निघन. दुसरा म्हणाला, देवाची मर्जी असन त होईल नीट. ही सगळी माणसं मला लहानपणापासून ओळखीची आहेत. उरलेले तीनशे चौसष्ट दिवस हे याच बैलांना तुतारीच्या काठीची आर टोचतात, शेपट्या पिरगाळतात, म्हातारे झाले की बाजारात नेऊन कुणालाही विकतात. त्या दिवशी मात्र सगळ्यांच्या पोटात दया मावत नव्हती. मला त्यांची किळस आली. अजून येते.

मी आत जाऊन पुन्हा बोट ठेवून आले. मूठ आवळली गेली, पण सैल.

बाहेर आले तर बाबा गोठ्याकडं गेलेला. त्यानं एकट्यानं बंडी ओढून अंगणात आणली होती, आत कडबा पसरला होता आणि आता तो वाकून जू उचलत होता. स्वतःच्या खांद्यावर घ्यायला. त्याच खळग्यात. कुणी त्याला थांबवत नव्हतं. काही जणांच्या तर चेहऱ्यावर सुटका दिसली, चला, झाली सोय.

मी जाऊन ते त्याच्या हातून खाली टाकलं.

"बाबा, तुमी नाई." मग मी केशवरावांकडं वळले. आयुष्यात पहिल्यांदा मालक किंवा काका न म्हणता मी त्यांना नावानं हाक मारली. "केशवराव, आमच्या बापाचा खांदा तुमच्या घरी एकवीस वर्सं झिजला. बैल जुपाचा नसन त तुमी जुपा. सून तुमची हाये."

आतून मीनलचा आवाज आला, ओरडण्याचाही नव्हे, नुसता दम संपत आल्याचा. तेव्हा संतोष पुढं आला. कुणाकडं न बघता त्यानं जुवाचं एक टोक खांद्यावर घेतलं. एकट्यानं जू पेलत नाही, ते कलंडलं आणि पोरगा गुडघ्यावर आला. केशवराव बघत राहिले. मग त्यांनी फेटा काढला. काढून टाकला नाही, नीट गुंडाळी करून चंपाबाईंच्या हाती दिला. उपरण्याची घडी केली, तीही दिली. घरात मूल मरत होतं आणि हा माणूस उपरण्याची घडी घालत होता. मग दुसरं टोक त्यांनी घेतलं.

पाठीमागून आठ-दहा जण ढकलायला लागले. मी वर मीनलपाशी होते, एका हातात सलाईनची बाटली, दुसरा तिच्या कमरेखाली. चाकं वीतभर सरायची आणि रुतायची. केशवराव दहा पावलांतच धापा टाकायला लागले. धोतर सुटून चिखलात लोळायला लागलं, पोट हेलकावे खात होतं, आणि जुवाचं लाकूड गळ्याच्या हाडावर घासून तिथली कातडी सोलली होती. माणसाचा खांदा त्यासाठी घडलेलाच नाही. दर थोड्या वेळानं ते थांबायचे आणि त्यांच्यासोबत आम्ही सगळे थांबायचो. पुढं वाट दाखवत बाबा चालत होता. जुवाच्या शिवळेला, त्या खुंटीला, हात लावून, मागं बघत, तो हळू आवाजात म्हणत होता, हो, हो, डाव्या अंगानं, टाक पाय, शाब्बास. बैलांशी तो असाच बोलायचा. त्याच्या ते ध्यानातही नव्हतं. कुणी हसलं नाही.

वीस मिनिटांच्या वाटेला सव्वा तास लागला. नाल्याच्या काठावर मी पुन्हा त्या तळहातात बोट ठेवलं. मी थांबले, पुन्हा ठेवलं, चोळलं. बोटं उघडीच राहिली.

मीनल माझ्या तोंडाकडं बघत होती. मी तिला म्हटलं, अजून थोडं राहिलं. बंडी पाण्यातून पार झाली तशी राजन्नानं तिला गाडीत घेतलं आणि गाडी जशी हाणली तशी त्यानं कधी हाणलेली नाही. मीनल वाचली. मुलगी होती, पावणेतीन किलोची. डॉक्टरबाई माझ्यावर ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, अर्धा तास आधी आणली असती तर. मी वर्दीच्या बाहीला नाक पुसलं आणि गाडी धुवायला गेले.

दुसऱ्या दिवसापासून मोबाईलवर फोटो फिरायला लागला. जुवाखाली वाकलेले केशवराव, मागं सजलेले बैल उभे. खाली लिहिलेलं, बैलाचा मान राखण्यासाठी स्वतः जू ओढणारा बापमाणूस. मीनल त्यात नव्हती, मुलगीही नव्हती. रविवारी मारुतीच्या पारावर त्यांचा सत्कार झाला, शाल आणि नारळ. मलाही बोलावणं आलं, अँब्युलन्सच्या ताईंनाही एक शाल द्यायची आहे म्हणून. मी गेले नाही. बाबा गेला. परत आला तेव्हा म्हणाला, मालकाचा खांदा लई सुजला, आपणच हळद लावून आलो. मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही.

नवव्या दिवशी मीनलला सुट्टी मिळाली. घरी सोडायची गाडी दुसरीकडं अडकली होती आणि आम्ही त्याच बाजूनं रिकामे परतत होतो. नियमात नाही, पण तिला घेतलं. संतोष दवाखान्यात दोनदा येऊन गेला होता, तिसऱ्यांदा आला नाही. ती खिडकीकडं तोंड करून बसली होती. टाक्यांना गचके बसू नयेत म्हणून राजन्ना खड्डे चुकवत होता.

नाल्याचं पाणी उतरून घोट्याएवढं झालं होतं. अलीकडच्या काठावर बंडी उभी होती. आत गादी, गादीवर नवी चादर, आणि जुवाला चांद्या-तांब्या. शिंगांचा सोनेरी कागद अर्धा निघालेला. केशवराव जवळ उभे होते, शर्टाचं वरचं बटण उघडं, आत खांद्याला पांढरी पट्टी. सुनेला न्यायला ते स्वतः आले होते, तेही मानाची जोडी घेऊन. या गोष्टीचं त्यांना बरं वाटत होतं, ते दिसत होतं.

मी मागचं दार उघडलं. मीनल हळूहळू उतरली, दाराचा दांडा धरून उभी राहिली. तिनं बैलांकडं पाहिलं, जुवाकडं पाहिलं, बराच वेळ.

"आज चालते काय, मामाजी?" तिनं विचारलं.

केशवरावांना आधी कळलं नाही. कळलं तेव्हा त्यांनी हातातल्या कासऱ्याकडं पाहिलं आणि चल, ऊन होते, असं काहीतरी पुटपुटले. ती पुढं गेली नाही. वळली, माझा हात धरून पुन्हा गाडीत चढली आणि स्ट्रेचरवर आडवी झाली.

"ताई, माह्या छातीत कळ येऊन राह्यली," ती म्हणाली. आवाज शांत होता.

मी तिच्याकडं पाहिलं. तिला मार्केटची गोष्ट माहीत होती. साऱ्या बोरखेडीला माहीत होती, केशवरावांनी ती स्वतःच फुशारकीनं सांगितली होती. मी तिला नळी लावली, पट्ट्या लावल्या आणि केशवरावांना म्हटलं, पेशंट सिरियस आहे, बाजूला व्हा. ते बाजूला झाले. बैलांनाही बाजूला घ्यावं लागलं, कारण राजन्नाला गाडी वळवायला जागा नव्हती.

बेल्याच्या अलीकडं, तिच्या माहेरच्या भाजीच्या मळ्यांपाशी, एक फाटा लागतो. तिथं मीनल उठून बसली, पदर नीट केला आणि म्हणाली, थांबली कळ, इथंच उतरवा. वाटेत तिनं फोन केला होता, मळ्यातून तिची आई धावत येत होती. राजन्नानं या वेळी शिवी दिली नाही. मी वही काढली, वेळ टाकली आणि लिहिलं, पेशंटला आराम पडला.